छोट्या गावाचा वास्तुवारसा : संरक्षित परिसराच्या इंग्लिश व्यवस्थेचे विवेचन

१. विषय आणि प्रतिपाद्य

किल्ला, देऊळ किंवा राजवाडा का जपायचा, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. साध्या गावाशी आले की प्रश्न अवघड होतो. एका ओळीत उभी असलेली वीस-पंचवीस दगडी घरे, चर्चच्या आवाराची बुटकी भिंत, लोहाराची बंद पडलेली भट्टी, ओढ्यावरचा कमानीचा पूल. यांतली कुठलीही वास्तू सुटी पाहिली तर तिच्यात असामान्य असे काही दिसत नाही. पण त्या सगळ्यांनी मिळून जे गाव घडलेले असते, ते एकदा विस्कटले की पुन्हा उभे करता येत नाही.

अशा गावांसाठी इंग्लंडमध्ये १९६७ पासून ‘कॉन्झर्वेशन एरिया’ ही कायदेशीर व्यवस्था आहे. या लेखात तिला ‘संरक्षित परिसर’ म्हटले आहे. आज तिथे असे सुमारे दहा हजार परिसर आहेत आणि त्यांत लहानशा खेड्यांची संख्या मोठी आहे. या व्यवस्थेची घडण, तिची साधने, तिचे यश आणि तिच्या मर्यादा यांची तपासणी येथे करायची आहे.

प्रतिपाद्य थोडक्यात असे : कायदा पाडकाम अडवू शकतो, पण छोट्या गावाचे नुकसान पाडकामाने फार थोडे होते. किरकोळ बदल, चुकीची दुरुस्ती आणि उठून गेलेली माणसे यांनी ते अधिक होते. किती परवानग्या नाकारल्या, यावरून संरक्षणाचे यश मोजता येत नाही. जुनी घरे राहती आहेत का आणि त्यांची डागडुजी योग्य हातांनी, योग्य साहित्याने होते का, हे पाहावे लागते.

२. कायद्याची घडण

इंग्लंडमधील संरक्षणाचा विचार स्मारकापासून सुरू झाला आणि टप्प्याटप्प्याने गावापर्यंत आला. १८७७ साली विल्यम मॉरिस याने प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या चर्चच्या भिंती खरवडून ‘मूळ’ रूप देण्याची चाल त्या काळी होती. मॉरिसचा तिला विरोध होता. वास्तू वेळच्या वेळी दुरुस्त करावी, तिच्यावर साचलेला काळ पुसू नये, ही त्याची भूमिका. ‘एसपीएबी’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ती संस्था आजही काम करते.

१८८२ च्या पहिल्या कायद्याने संरक्षण दिले ते मुख्यतः प्रागैतिहासिक शिळावर्तुळे आणि थडगी यांना. माणसे राहतात ती घरे त्यात बसत नव्हती. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावानंतर कुठल्या वास्तू वाचवायच्या याची यादी करणे भाग पडले आणि १९४७ च्या नगर व ग्रामनियोजन कायद्याने ऐतिहासिक इमारतींची सूची पक्की झाली. सूचीतल्या इमारतीत बदल करण्यासाठी स्वतंत्र संमती घेण्याचे बंधन १९६८ मध्ये आले.

त्याआधी एक वर्ष विचाराने खरे वळण घेतले होते. डंकन सँड्स यांनी खासगी विधेयक म्हणून मांडलेला ‘सिव्हिक अमेनिटीज अ‍ॅक्ट’ १९६७ मध्ये मंजूर झाला. एकेकट्या इमारतीऐवजी संपूर्ण परिसराला मूल्य असू शकते, हे त्या कायद्याने प्रथम मान्य केले. त्याच वर्षी लिंकनशायरमधील स्टॅमफर्ड हा पहिला संरक्षित परिसर ठरला. १९७४ मध्ये अशा परिसरातल्या पाडकामावर नियंत्रण आले आणि सध्याची चौकट १९९० च्या सूचीबद्ध इमारती व संरक्षित परिसर कायद्याची आहे. थडग्यापासून घरापर्यंत आणि घरापासून गल्लीपर्यंत येण्यास पाऊणशेहून अधिक वर्षे लागली.

३. दोन साधने आणि त्यांतील भेद

छोट्या गावात संरक्षणाची दोन साधने एकमेकांत मिसळलेली असतात. त्यांची गल्लत झाली की मालकाचे आणि गावाचेही नुकसान होते, म्हणून भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे.

पहिले साधन सूचीबद्ध इमारत. इमारत सूचीत घेण्याचा निर्णय केंद्रीय मंत्री ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ या संस्थेच्या सल्ल्याने घेतात. सूचीत तीन श्रेणी आहेत : पहिली, तारांकित दुसरी आणि दुसरी. नव्वद टक्क्यांहून अधिक इमारती साध्या दुसऱ्या श्रेणीत आहेत आणि गावातली घरे बहुतेक त्यातच मोडतात. १७०० पूर्वीची, मूळ रूप बऱ्यापैकी टिकवून असलेली जवळपास प्रत्येक इमारत सूचीस पात्र मानली जाते. हे संरक्षण आतून-बाहेरून लागू होते. जिना, चूल, छताच्या तुळया, तसेच १ जुलै १९४८ पूर्वीपासून आवारात असलेली भिंत किंवा गोठासुद्धा त्यात येतो. विनापरवाना बदल हा फौजदारी गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दुसरे साधन संरक्षित परिसर. तो ठरवण्याचा अधिकार स्थानिक नियोजन प्राधिकरणाचा. विशेष वास्तुशास्त्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्व असलेला आणि ज्याचे स्वरूप किंवा दर्शनी रूप राखणे वा उंचावणे इष्ट आहे असा भाग, अशी त्याची व्याख्या आहे. येथे घराच्या आतल्या बदलांना हात लावला जात नाही. पाहिले जाते ते बाहेरचे : छपरांची रांग, रस्त्याची रुंदी, घरांमधल्या मोकळ्या जागा, कुंपणे, झाडे. ११५ घनमीटरपेक्षा मोठी इमारत पाडायला परवानगी लागते. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ७५ मिलिमीटरहून जाड खोड असलेले झाड तोडण्यापूर्वी सहा आठवडे आधी कळवावे लागते.

सारांश, सूचीबद्धता वास्तूची असते आणि संरक्षित परिसर वास्तूंमधल्या नात्याचा असतो. गावाच्या दृष्टीने दुसरे साधन अधिक मोलाचे आणि अधिक दुबळे आहे. मोलाचे अशासाठी, की सूचीत जाण्याइतकी थोर नसलेली घरेही ते कवेत घेते. दुबळे का, ते पाचव्या भागात येईल.

४. ‘राखणे’ म्हणजे नेमके काय?

संरक्षित गावात काहीच नवे बांधू द्यायचे नाही का? या प्रश्नाचे सर्वोच्च पातळीवरचे उत्तर एका खेड्यातल्या वादातूनच मिळाले. कंब्रिया परगण्यातले कार्टमेल हे लेक डिस्ट्रिक्टच्या दक्षिणेचे छोटे गाव, बाराव्या शतकातल्या मठाच्या चर्चभोवती वसलेले. गावाच्या धर्मगुरूचे निवासस्थान संरक्षित परिसरात होते. त्याच्या बागेच्या काही भागात नवे निवासस्थान बांधायची योजना पुढे आली. स्थानिक कौन्सिलने हरकत घेतली आणि प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे त्या वेळच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, गेले. कायद्याने परिसराचे स्वरूप ‘राखण्या’कडे विशेष लक्ष द्यायला सांगितले आहे. मग नव्या बांधकामाने परिसरात सकारात्मक भर घातलीच पाहिजे का, हा कळीचा मुद्दा होता.

१९९२ मध्ये निर्णय कौन्सिलच्या विरोधात गेला. न्यायाधीश लॉर्ड ब्रिज यांनी दिलेल्या अर्थानुसार परिसराचे स्वरूप उंचावणारे बांधकाम तर चालतेच, पण त्याला बाधा न आणणारे बांधकामही ‘राखणे’ या कसोटीला उतरते. त्यातून ‘हानी’ ही संकल्पना केंद्रस्थानी आली. हानी होत नसेल तर या आधारावर नकार देता येत नाही. होत असेल तर तिच्या विरोधात भक्कम पारडे उभे राहिले पाहिजे.

ते पारडे किती जड असावे, हे २०१४ च्या एका निकालाने ठरवले. नॉर्थहॅम्प्टनशायरच्या ग्रामीण भागात ‘लिव्हडेन न्यू बील्ड’ ही एलिझाबेथकालीन अपूर्ण वास्तू आहे. तिच्या परिसरात चार पवनचक्क्या उभारायला मिळालेली परवानगी न्यायालयाने रद्द केली. वारशाच्या परिसराला होणारी हानी ‘ठळक नाही’ असे नियोजन निरीक्षकाने ठरवले असले, तरी ती इतर मुद्द्यांच्या राशीत टाकून सहज तोलता येत नाही. तिला कायद्यानेच विशेष वजन दिले आहे, असा त्या निकालाचा अर्थ.

हे दोन्ही निकाल एकत्र वाचले पाहिजेत. पहिला गावाला जिवंत राहण्याची मुभा देतो, दुसरा त्या मुभेची हद्द आखतो.

५. हानीचे तीन प्रकार

अ) अचानक हानी. स्टॅफर्डशायरमधील हिमली येथील ‘क्रुकेड हाऊस’ ही १७६५ सालची वास्तू. खाणींमुळे जमीन खचून ती एका बाजूला कलली होती आणि तिथे चालणारा पब त्या कलण्यासाठीच प्रसिद्ध होता. ऑगस्ट २०२३ मध्ये तिला आग लागली आणि दोनच दिवसांत उरलेली इमारत पाडली गेली. ती सूचीबद्ध नव्हती. सूचीत घ्यावी असा अर्ज मात्र आधीच दाखल झालेला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्थानिक कौन्सिलने ती पुन्हा बांधून देण्याचा आदेश काढला. पुनर्बांधणी झाली तरी १७६५ चे बांधकाम परत येणार नाही. धडा सरळ आहे : नोंद धोक्याच्या आधी व्हावी लागते. लोकांना प्रिय असणे हे संरक्षण नव्हे.

आ) सावकाश हानी. संरक्षित परिसराचा दुबळेपणा येथे दिसतो. सूचीत नसलेल्या घराच्या मालकाला लाकडी खिडक्या काढून प्लॅस्टिकच्या बसवायला एरवी परवानगी लागत नाही. दरवाजा बदलला, पुढची बुटकी भिंत पाडून मोटार उभी करायला जागा केली, धुराडे उतरवले. यांतला एकेक बदल लहान आणि घरमालकाच्या दृष्टीने समजण्यासारखा असतो. वीस वर्षांत गल्लीतल्या तीस घरांनी असे बदल केले, की कायद्याच्या कागदावर परिसर शाबूत असतो आणि जागेवर मात्र त्याची ओळख उरलेली नसते.

त्यावर ‘आर्टिकल फोर डायरेक्शन’ हा उपाय आहे. या निर्देशाने ठरावीक बदलांची मोकळीक काढून घेता येते. एक वर्षाची आगाऊ सूचना दिली तर प्राधिकरणावर भरपाईचा बोजाही पडत नाही. तरीही पुष्कळ गावांत हा निर्देश लागू केलेला नाही. प्राधिकरणाकडे पाहणी करायला माणसे नसतात आणि मतदारांच्या खिडक्यांत हात घालायला कुणी राजी नसतो. परिसर घोषित करून हा निर्देश न देणे म्हणजे अर्धेच काम करणे होय.

इ) अंतर्गत हानी. ही सर्वांत कमी दिसते आणि बहुधा चांगल्या हेतूने होते, म्हणून ती जवळून पाहू.

डेव्हन परगण्यात माती, पेंढा आणि पाणी तुडवून रचलेल्या जाड भिंतींची घरे आहेत. अशी भिंत दगडी जोत्यावर उभी असते आणि वरून छपराचे रुंद वळचणीचे छत्र तिला लागते. पावसात ती थोडी ओलावते आणि वाऱ्या-उन्हात सुकते. बाहेरून तिला चुन्याचा गिलावा असतो. चुना सच्छिद्र आणि मऊ असतो, त्यामुळे आत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडते. भिंत जराशी हलली तर तो केसाएवढ्या भेगांनी ते सोसतो.

आता मालक ‘मजबुती’साठी त्यावर सिमेंटचा गिलावा चढवतो. सिमेंट कडक असते. भिंत हलते, सिमेंट तडकते आणि तड्यातून पाणी आत जाते. बाहेर यायची वाट बंद असल्याने ते भिंतीच्या पायथ्याशी साठते. माती मऊ होत जाते आणि बाहेरून धडधाकट दिसणारी भिंत एखाद्या हिवाळ्यात खाली बसते. दगडी भिंतीचेही तेच. दरजा चुन्याच्या असतील तर झीज दरजांची होते, आणि त्या काही दशकांनी पुन्हा भरता येतात. दरजा सिमेंटच्या असतील तर ओल दगडातून बाहेर पडते आणि झिजतो तो दगड. मॉरिसचा आग्रह भावनेपुरता नव्हता, त्याला भौतिक आधार होता, हे यावरून ध्यानात येईल.

सूचीबद्ध घराला असा गिलावा द्यायला संमती लागते. पण सूचीत नसलेल्या घराच्या दरजा सिमेंटने भरल्या तर कायद्याला त्याची खबरही नसते. तिथे गरज असते ती चुना ओळखणाऱ्या गवंड्याची.

६. अर्थकारण

घर जपायचे की नाही, हे शेवटी घरखर्चाच्या वहीत ठरते. ब्रिटनच्या करव्यवस्थेत नवे घर बांधताना मूल्यवर्धित कराचा दर शून्य आहे. जुन्या घराच्या दुरुस्तीवर तो २० टक्के आहे. दोन वर्षांहून अधिक काळ रिकामे असलेले घर राहते केले तर ५ टक्क्यांचा सवलतीचा दर लागतो. सूचीबद्ध इमारतीतील मंजूर फेरबदलांना पूर्वी शून्य दर होता, तो २०१२ मध्ये काढला गेला. एका खात्याने जुने घर राखा म्हणायचे आणि दुसऱ्याने ते राखणाऱ्यावर कर बसवायचा, हा विरोध या व्यवस्थेत अजून कायम आहे.

दुसरा ताण यशातून येतो. गाव देखणे राहिले की घरांच्या किमती वाढतात. शहरातले लोक सुट्टीपुरते घर घेतात आणि गावात वाढलेल्या तरुणाला तिथे घर परवडत नाही. शाळा आणि दुकान बंद पडते. कॉर्नवॉलमधील सेंट आयव्हझ या किनाऱ्यावरच्या छोट्या शहराने २०१६ मध्ये सार्वमत घेऊन नवी घरे सुट्टीची घरे म्हणून विकण्यावर बंदी आणली. दगड टिकला आणि गाव रिते झाले, तर संरक्षणाचा हेतू हरला असे मानले पाहिजे.

यावर एक वेगळे उत्तर विल्टशायरमधील लेकॉक या गावाने दिले. १९४४ मध्ये माटिल्डा टॅलबट यांनी आपला मठवाडा आणि त्यासोबत गाव वारसा जपणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेला दान केले. गावातली बहुतेक घरे ट्रस्टच्या मालकीची असून ती भाड्याने दिली जातात. सगळ्या घरांचा मालक एकच असल्याने दुरुस्तीची रीत एकच राहते आणि घर सुट्टीपुरते विकले जाण्याचा प्रश्न उद्भवत नाही. जुन्या काळाच्या चित्रीकरणासाठी लेकॉकला सतत मागणी असते. बीबीसीच्या १९९५ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे काही चित्रीकरण तिथे झाले. मात्र हा नमुना सर्वत्र चालणारा नाही. एका दानातून एक गाव वाचते. दहा हजार परिसरांसाठी सार्वजनिक धोरणच लागते.

७. गावाचा वाटा

पॅरिश कौन्सिल ही तिथली ग्रामपंचायतीसारखी संस्था. नियोजनाच्या अर्जावर तिला मत देता येते, अंतिम निर्णय वरच्या प्राधिकरणाचा असतो. २०११ च्या लोकलिझम कायद्याने तिला अधिक बळ दिले. गावाने स्वतःची नियोजन योजना तयार करावी, ती सार्वमताला टाकावी आणि मंजूर झाली की तिला कायदेशीर वजन मिळावे, अशी तरतूद झाली. पहिली अशी योजना २०१३ मध्ये कंब्रियातल्याच अप्पर ईडन या विरळ वस्तीच्या भागाने मंजूर केली. विशेष म्हणजे स्थानिकांना घरे मिळावीत, हा तिचा एक मुख्य हेतू होता.

परिसराचे लेखी मूल्यांकन हे गावाच्या हातातले दुसरे साधन. कुठला दगड कुठल्या खाणीचा, छपराचा उतार किती, कुठल्या वळणावरून चर्चचा मनोरा दिसतो, कुठली मोकळी जागा मोकळीच राहायला हवी, हे त्यात नकाशासह लिहिले जाते. असा दस्तऐवज असेल तर ‘शोभत नाही’ या मोघम हरकतीच्या जागी पुरावा उभा राहतो. नसेल तर वाद आवडीनिवडीवर येतो आणि तिथे ज्याच्या हाती वकील तो जिंकतो. हिस्टॉरिक इंग्लंडच्या धोक्यातील वारशाच्या नोंदवहीत लंडनबाहेरच्या दुसऱ्या श्रेणीच्या साध्या घरांना जागा नाही, तिथे प्रार्थनास्थळे तेवढी अपवाद. म्हणजे गावातली बहुसंख्य घरे राष्ट्रीय पातळीवरून दिसतच नाहीत. ती पाहण्याची जबाबदारी आपोआप गावावर येते.

८. महाराष्ट्राशी संबंध

आपल्या कायद्याची मुळे याच परंपरेत आहेत. लॉर्ड कर्झनच्या काळातला १९०४ चा प्राचीन स्मारक कायदा, त्यानंतरचा १९५८ चा केंद्रीय कायदा आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा, हे तिन्ही स्मारक या कल्पनेवर उभे आहेत. २०१० च्या दुरुस्तीने केंद्रसंरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर निषिद्ध आणि पुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र थेट कायद्यात आले. हा परिसराचा विचार खरा, पण केंद्रस्थानी स्मारकच आहे. वास्तूंच्या श्रेणी आणि ‘वारसा परिसर’ ही कल्पना १९९५ च्या नियमावलीने मुंबईत आणली. ती महानगराची गरज होती. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातही ऐतिहासिक स्थळे जपण्याची तरतूद विकास आराखड्याच्या संदर्भात आहे. स्मारक नसलेले गावठाण मात्र या साऱ्या रचनेत कडेलाच राहते.

वाईजवळच्या मेणवलीचे उदाहरण घ्या. नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेवरचा घाट यांमुळे गाव सर्वांना माहीत आहे. ‘स्वदेस’ या चित्रपटाचे चित्रीकरणही तिथे झाले. पण मेणवली म्हणजे वाडा अधिक घाट एवढेच नव्हे. नदीकडे उतरणारी वाट, दगडी जोती, कौलारू घरे, देवळासमोरची मोकळी जागा, हे सारे जमेस धरले तरच वाड्याचा अर्थ लागतो. कोकणातल्या चिऱ्याच्या घरांची आणि पाखाड्यांची, देशावरच्या माळवदी घरांची आणि पांढऱ्या मातीच्या भिंतींची गोष्ट हीच आहे. डेव्हनच्या भिंतीला सिमेंटने जे होते, तेच आपल्याकडच्या मातीच्या भिंतीला होते. घाणीत चुना मळणारे हात आपल्याकडेही झपाट्याने कमी होत आहेत.

९. निष्कर्ष

इंग्लंडच्या अनुभवावरून चार निष्कर्ष निघतात. एक, संरक्षणाचा घटक गाव असावा. वास्तू हा त्याचा भाग. दोन, जतन म्हणजे गोठवणे नव्हे, हानी टाळून बदल होऊ देणे. तीन, बंधन आणि मदत एकत्र आली पाहिजेत. दुरुस्तीवर कर लावून आणि कारागीर नाहीसे होऊ देऊन नुसते नियम टिकत नाहीत. चार, नोंद आधी, वाद नंतर. नोंद नसलेली वास्तू न्यायालयातही अनाथ असते.

यांतली पहिली पायरी कुठल्याही नव्या कायद्यासाठी थांबत नाही. ग्रामसभेने गावातल्या जुन्या घरांची, विहिरींची, पारांची आणि वाटांची नकाशासह यादी करावी. घर कशाचे बांधले आहे आणि शेवटची दुरुस्ती कशाने झाली, हे घरमालकाला विचारून लिहावे. तालुक्यात चुन्याचे काम जाणणारा गवंडी कोण आहे ते शोधून त्याच्या हाताखाली दोन तरुण द्यावेत. गावाचा वारसा राखण्याची कायदेशीर चौकट पुढे यायलाच हवी आणि ती मागितलीही पाहिजे. पण ती येईल त्या दिवशी राखण्यासारखे काही शिल्लक असावे, यासाठीचे काम आजच, आपल्याच गावात सुरू करा.